बटण मशरूम : कंपोस्टमधले सूक्ष्मजीव मारायचे की जगवायचे?

भुईछत्र

नमस्कार मंडळी. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) बरीच वर्षं करतेय, आता बटणला हात घातला आहे. एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कंपोस्टला वाफ देऊन झाली, पुढचे दिवसही पार पडले आणि ट्रे बाहेर काढले, तर एकाच खोलीतून दोन तऱ्हेचा माल निघाला. वाफेच्या तोंडाजवळच्या कोपऱ्यातला माल काळपट, चिकटसर, काडीवर काहीच नाही. तिथला तापमापक रात्रभर ६५ अंशांच्या वर होता. बाकीच्या खोलीत ५८-५९ राहिलं होतं, आणि तिथल्या काड्यांवर राख भुरभुरल्यासारखी करडी-पांढरी भुकटी धरलेली. ओलावा मुठीत दाबून पाहिला, दोन्हीकडे सारखाच. काळपट मालाला नाक अगदी जवळ नेलं तर अमोनियाची किंचित झाक येत होती, दुसऱ्याला मातीचा गोडसर वास.

स्पॉन (मशरूमचं बी) एकाच पिशवीतलं, पेरणी एकाच दिवशी. भुकटीवाल्या ट्रेमध्ये मशरूमच्या धाग्यांचं जाळं भराभर सुटलंय. काळपट ट्रेमध्ये दाण्याभोवती पांढरी झाक दिसते आणि तिथेच अडकलीये. एका ट्रेत हिरवंही दिसायला लागलंय.

धिंगरीच्या बाबतीत भुसा जितका नीट तापवावा तितका निर्धास्तपणा. मग बटणला जास्त तापवलेला, म्हणजे जास्त स्वच्छ झालेला माल का मानवत नाही?

काडीकचरा

ताई, निरीक्षण फार नेमकं केलंय तुम्ही. ती करडी भुकटी म्हणजेच सगळ्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही तिला फायरफँग म्हणतो. ती काडीवर नीट धरलेली नसेल तर मी त्या मालात स्पॉन टाकत नाही, मग वेळापत्रक कितीही पुढे गेलेलं असो. तुमच्या कोपऱ्यात ती धरणारे जीवच उष्णतेनं मेले.

आधी एक सांगा, हिरवं कसलं आहे? बोट लावलं की उडणारी हिरवी पूड, की काडीला चिकटलेले बारीक दाणे? भिंग असेल तर बघा. दोन्हींचा अर्थ फार वेगळा.

पेट्रीडिश

काडीकचराकाकांनी मुद्द्यालाच हात घातला. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूनं थोडं सविस्तर लिहिते.

धिंगरी कच्च्या काडीवर थेट हल्ला करते. लिग्निन, सेल्युलोज फोडायची अवजारं तिच्याकडे आहेत आणि ताज्या भुश्यावर ती पहिली पाहुणी म्हणून बसू शकते. तिथे बाकीचे सगळे तिचे स्पर्धक, म्हणून ते कमी असलेले बरे. बटण, म्हणजे अगॅरिकस बायस्पोरस, निसर्गात येते ती नंतर. आधी कुणीतरी पालापाचोळा, शेण कुजवून ठेवलेलं असतं, त्यावर ती वाढते. २०१२ साली तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: कुजून गडद झालेल्या, ह्युमसयुक्त पदार्थात जगायला लागणारी एन्झाइमं तिच्याकडे भरपूर आहेत. कच्च्या काडीत मोकळ्या साखरा असतात. त्या मिळाल्या की झपाट्यानं वाढणाऱ्या बुरश्या तिच्या कितीतरी आधी पोचतात. म्हणून आपण कंपोस्ट करतो, म्हणजे तिच्याआधीचे कुजवणारे मुद्दाम पाळतो.

यात तीन पाळ्या असतात असं धरा.

पहिली पाळी ढिगात. काडी, खत, जिप्सम आणि पाणी एकत्र आलं की बॅसिलससारखे जिवाणू मोकळ्या साखरा खाऊन ढीग तापवतात. गाभा ७५-८० अंशांपर्यंत जातो. तिथे थर्मससारखे अतिउष्ण तापमानात जगणारे मोजकेच जिवाणू तग धरतात, आणि बरंचसं काम रसायनशास्त्र करतं: अमोनिया आणि साखरा यांच्या अभिक्रियेतून तो गडद तपकिरी रंग येतो. काडीवरचा मेणचट थर सुटतो, ती मऊ पडते, पाणी धरायला लागते.

दुसरी पाळी पाश्चरायझेशनची, ५७ ते ६० अंश, सहा-आठ तास. माश्यांची अंडी, सूत्रकृमी, कोळी, रोगट बुरश्यांचे बीजाणू जातात. पण सगळं मारायचा बेतच नसतो. इथे नको ते घालवायचं आणि हवं ते टिकवायचं.

तिसरी पाळी कंडिशनिंगची, ४५ ते ५० अंश, बरेच दिवस. भुकटीचं राज्य सुरू होतं ते इथे. त्यात दोन मंडळी असतात. एक, ॲक्टिनोमायसीट्स: स्ट्रेप्टोमायसिस, थर्मोबिफिडा वगैरे, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू. दुसरी, एक उष्णताप्रिय बुरशी: मायकोथर्मस थर्मोफिलस. जुन्या लिखाणात ती स्कायटॅलिडियम थर्मोफिलम या नावानं सापडेल. चांगल्या तयार कंपोस्टमध्ये बुरश्यांपैकी हिचंच प्राबल्य असतं. तुमच्या कोपऱ्यात ६५ अंश रात्रभर, म्हणजे ही पाळी सुरू होण्याआधीच तिचे कामकरी संपले.

शंकासुर

धागा माहितीपूर्ण, पण एक शंका. भुकटी आणि जाळ्याची वाढ दोन्ही चांगल्या कंपोस्टमध्ये दिसतात, एवढ्यानं एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध होत नाही. कदाचित योग्य तापमानाचा थेट फायदा काडीला होत असेल आणि भुकटी नुसती सोबत येत असेल. सगळं कंपोस्ट ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेनं पूर्ण निर्जंतुक करून), अमोनिया उडवून, स्पॉन टाकलं तर?

पेट्रीडिश

शंकासुर, रास्त प्रश्न. हा प्रयोग झालेला आहे.

नेदरलँड्समध्ये स्ट्राट्समा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये आणि पुढे १९९४ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. निर्जंतुक केलेल्या कंपोस्टमध्ये बटणचं जाळं वाढतं, पण संथ. त्याच कंपोस्टमध्ये आधी स्कायटॅलिडियम वाढू दिली आणि मग बटण लावलं, तर जाळ्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. कंपोस्ट तेच, फरक एका बुरशीचा. उत्पादनातही फरक पडला, नुसत्या वेगात नाही.

१९९४ च्या कामात त्यांनी ३४ उष्णताप्रिय बुरश्या एकेक करून तपासल्या. त्यांतल्या फक्त ९ बुरश्यांनी बटणची वाढ वाढवली. म्हणजे कुठलीही बुरशी वाढून गेली की झालं, असं नाही. नाहीतर ३४ च्या ३४ नी वाढवली असती. या नऊत कीटोमियम थर्मोफिलम, मायरिओकॉकम थर्मोफिलम, थिएलाव्हिया टेरेस्ट्रिस अशी नावं आहेत.

शिवाय स्कायटॅलिडियम कुठून आली हेही त्यांनी शोधलं: ताजी काडी, घोड्याची लीद आणि ढिगातून झिरपणारं पाणी, तिन्हींत ती आधीपासूनच होती.

काडीकचरा

याच्याही आधीचं सांगतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत लँबर्ट यांनी ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतला माल वेगळा काढून त्यावर मशरूम लावून पाहिले. तळाचा, हवा न लागलेला आंबूस माल वाया. गाभ्यातला अतितापलेला मालही फारसा चांगला नाही. सर्वात सरस ठरला तो ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यातला, जिथे हवा खेळती होती आणि पांढरी भुकटी धरलेली होती. पुढे बंद खोलीत तापमान ताब्यात ठेवून दुसरा टप्पा (म्हणजे वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पाळ्या) करायची पद्धत रुजली ती याच समजेवर, आणि १९५० मध्ये सिंडेन आणि हाउझर यांनी महिनाभर रेंगाळणारं कंपोस्टिंग आखूड करून दाखवलं. तुमची खोली म्हणजे लँबर्टचा ढीगच झालाय ताई, फक्त पट्टे कोपऱ्यांत विभागले गेले.

ओलीमाती

वाचनखूण साठवली. मला यातली नत्राची बाजू समजून घ्यायची आहे. अमोनिया 'जातो' म्हणजे नेमका कुठे? उडून जातो की कुणी खातं?

पेट्रीडिश

दोन्ही. आणि किती उडाला, किती खाल्ला गेला, यावर कंपोस्टचा कस ठरतो.

पहिल्या टप्प्यात बराच उडतो, तो डोळ्यांना झोंबतोच. पण कंडिशनिंगमध्ये उरलेला अमोनिया सूक्ष्मजीव आपल्या शरीरात घेतात आणि त्याची प्रथिनं करतात. सुरुवातीला ३०:१ च्या आसपास असलेलं कर्ब-नत्र गुणोत्तर दुसऱ्या टप्प्यानंतर १७:१ च्या आसपास येतं. कर्ब श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होऊन गेला, नत्र जिवंत शरीरांत अडकून राहिला. शेकड्यात सांगायचं तर कोरड्या वजनातला नत्र साधारण दीडपासून दोनच्या थोडा वर जातो.

अमोनिया बटणच्या जाळ्याला विषारी आहे, आणि तोच नत्र प्रथिनाच्या रूपात तिचं अन्न आहे. हा बदल घडवणारे तेच सूक्ष्मजीव. तुमच्या काळपट ट्रेमधली अमोनियाची झाक याचाच पुरावा. खतातलं नत्र सुटत राहिलं, पण ते उचलून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात आवडते. बटण या सूक्ष्मजीवांनाही खाते. ब्रिटनमध्ये फर्मर आणि वूड यांनी १९८१ मध्ये दाखवलं की मेलेले जिवाणू हाच एकमेव अन्नस्रोत ठेवला तरी बटणचं जाळं त्यावर वाढतं. त्यांच्या पेशीभित्ती फोडणारी एन्झाइमं ते बाहेर सोडतं आणि कर्ब, नत्र, स्फुरद सगळं उचलतं. जाळं पुढे सरकलं की मागे राहिलेल्या भागातली स्कायटॅलिडियमही निष्प्राण होत जाते. स्पॉन रन पूर्ण झालेल्या, म्हणजे जाळं सगळीकडे भरलेल्या ट्रेमध्ये करडी भुकटी दिसेनाशी होते, ती नुसती पांढऱ्या धाग्यांखाली झाकली जाते असं नाही. अर्थात बटण निव्वळ जिवाणूंवर जगते असा अर्थ कुणी काढू नये. कर्बाचा मुख्य साठा काडीतलं लिग्निन-सेल्युलोजच.

भुईछत्र

सगळ्यांचे मनापासून आभार. काडीकचराकाका, भिंगातून पाहिलं. पूड नाही. काडीला चिकटलेले ऑलिव्ह रंगाचे बारीक गोल दाणे आहेत, बाहेरून केसाळ, खरखरीत. बोटाला रंग लागत नाही, दाणा खरवडून काढावा लागतो.

काडीकचरा

मग जीव भांड्यात पडला. ते ऑलिव्ह हिरवी बुरशी, कीटोमियम ऑलिव्हेशियम. वर पेट्रीडिश यांनी सांगितलेल्या कीटोमियमची ही भावकी, पण ही मदत करणारी नव्हे. पाश्चरायझेशनमध्ये ६१-६२ च्या वर तापलं आणि हवा कमी पडली की ती हमखास येते. मशरूमवर रोग पाडत नाही, जागा अडवते. उत्पादन घटेल, पण शेजारच्या ट्रेमध्ये आग लागल्यासारखी पसरायची नाही. ते ट्रे वेगळे ठेवा, जाळं हळूहळू बऱ्याच भागावर मात करेल.

उडणारी हिरवी पूड असती तर ट्रायकोडर्मा. त्यातली अग्रेसिव्हम ही जात १९८० च्या दशकात आयर्लंड-ब्रिटनमध्ये आणि नव्वदच्या दशकात उत्तर अमेरिकेत बटणच्या धंद्याला फार महागात पडली. तसं दिसलं असतं तर मी आजच ट्रे झाकून बाहेर काढायला सांगितलं असतं.

पेट्रीडिश

ट्रायकोडर्माचा विषय निघालाच आहे तर जोडते. साध्या ट्रायकोडर्मा जातींना जिवंत, नीट कंडिशन झालेल्या कंपोस्टमध्ये शिरकाव करणं जड जातं. अन्न वाटलं गेलेलं असतं आणि बॅसिलससारखे जिवाणू तिला रोखणारी द्रव्यं सोडत असतात. त्याउलट निर्जंतुक कंपोस्ट म्हणजे तिला मोकळं रान. अग्रेसिव्हम मात्र चांगल्या कंपोस्टमध्येही घुसते, म्हणून ती वेगळी आणि म्हणून तिथे स्वच्छतेला पर्याय नाही. माश्या, कपडे, अवजारं, स्पॉन मिसळायची जागा, सगळं.

शंकासुर

प्रयोगाचं वाचून शंका फिटली, धन्यवाद. मग आता दुसरी. कंपोस्टमध्ये जाळं भरल्यावर आपण त्यावर केसिंगचा, म्हणजे मातीसारख्या आच्छादनाचा थर देतो. त्यात तर अन्न जवळपास नसतंच. तिथेही सूक्ष्मजीव लागतात का?

ओलीमाती

याचं मी सांगते, केसिंगवर बरंच काम केलंय.

लागतात, आणि तिथे त्यांचं काम पूर्ण वेगळं. कंपोस्टमध्ये ते अन्न तयार करतात. केसिंगमध्ये ते जाळ्याला पसरणं थांबवून कळ्या धरायला लावतात. हेज, रँडल आणि लास्ट यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की केसिंगमधल्या सूक्ष्मजीवांच्या चेतनेशिवाय पिनहेड (मशरूमच्या बारीक कळ्या) धरत नाहीत. त्यांत स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू मुख्य. ऑटोक्लेव्ह केलेल्या केसिंगवर जाळं कापसासारखं वर येतं, पांढरी चादर होते आणि कळी धरत नाही.

कारण फार सुंदर आहे. मशरूमला जो ओळखीचा वास येतो तो मुख्यतः वन-ऑक्टेन-थ्री-ऑल या रेणूचा. जाळं स्वतःच तो सोडतं, आणि तो साचला की स्वतःच्याच कळ्या अडवून धरतो. केसिंगमधले स्यूडोमोनास तो कमी करतात, अडथळा दूर होतो, पिनहेड सुटतात. राल्फ नोबल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नीट मांडलं. निर्जंतुक केसिंगमध्ये सक्रिय कोळसा मिसळला तरी कळ्या येतात, कारण कोळसाही असे वायुरूप रेणू शोषून घेतो. जिवाणू आणि कोळसा यांत दुसरं काय साम्य असणार? म्हणून मला हा पुरावा फार भक्कम वाटतो.

त्यामुळे केसिंगलाही पाश्चरायझेशनपुरतंच तापवायचं, ६०-६५ अंश काही तास. उकळू नका, भाजू नका.

पाऊलवाट

धागा पहिल्यापासून वाचतोय. स्यूडोमोनास चांगले म्हणता, पण टोप्यांवर तपकिरी डाग पाडणाराही स्यूडोमोनासच ना? आमच्याकडे दुसऱ्या बहराला बऱ्याच टोप्या डागाळल्या.

ओलीमाती

हो, तो स्यूडोमोनास टोलासी. त्याच प्रजातीतला, वेगळी जात. तोही केसिंगमध्ये थोड्याफार संख्येनं असतोच. टोपीवर पाण्याचा पातळ थर बराच वेळ राहिला की तिथे वाढतो आणि टोलासिन नावाचं विष सोडतो. ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि त्यातून तपकिरी, किंचित खोलगट डाग पडतात.

तुमच्या दुसऱ्या बहरासाठी: पाणी दिल्यावर दोन-तीन तासांत टोप्या कोरड्या व्हायला हव्यात. पंखा पाणी देण्याआधीपासून चालू ठेवा, रात्री उशिरा पाणी देऊ नका, आणि खोलीचं तापमान वरखाली होऊ देऊ नका, नाहीतर पाणी न देताही टोपीवर दव धरतं. जंतुनाशक ओतून स्यूडोमोनास संपवायच्या मागे लागलात तर पुटिडाही जाईल आणि पिनहेडच अडतील.

पाऊलवाट

समजलं. आणखी एक. फायरफँगचं 'कल्चर' म्हणून पाकिटं विकायला येतात. ढिगात टाकावीत का?

काडीकचरा

माझं स्पष्ट मत, गरज नाही. वर आलंच आहे की ती बुरशी काडी-लिदीतून आपोआप येते. तिचं बी कमी पडत नाही, तिला राहायची सोय कमी पडते. ४५ च्या आसपास तापमान, खेळती हवा आणि न चिकटलेली काडी एवढं मिळालं की ती स्वतःच अख्खी खोली भरते. चिखल झालेल्या किंवा हवा कोंडलेल्या मालात पाकीट ओतून काही होत नाही. तेच पैसे दोन चांगल्या तापमापकांवर घाला.

आणि तापमापक हवेत टांगू नका, कंपोस्टमध्ये खुपसा. सूक्ष्मजीव जोरात असताना माल खोलीच्या हवेपेक्षा कितीतरी अंश गरम असतो. हवा ५८ दाखवते आणि मधल्या ट्रेच्या पोटात ६४ झालेले असतात.

भुईछत्र

काका, नेमकं हेच होतं. वाफेच्या तोंडासमोर आता आडवा पत्रा बसवलाय, पंख्याची दिशा बदललीये, आणि तापमापक चारही कोपऱ्यांतल्या ट्रेमध्ये खुपसलेत. नवा माल कंडिशनिंगवर आहे. चारही कोपऱ्यांत फरक दोन अंशांच्या आत राहतोय आणि भुकटी धरायला लागलीये. शेवटचा प्रश्न: आता थांबायचं कधी? वास गेला की लगेच २५ वर आणू?

पेट्रीडिश

वासावर जाऊ नका ताई. त्या खोलीत दिवसभर वावरलं की नाक सरावतं, आणि थोडा अमोनिया असूनही 'गेला' वाटतो. अमोनिया मोजायच्या नळ्या किंवा पट्ट्या मिळतात, त्यांनी खोलीतली हवा तपासा; दहा लाखांत १० भागांच्या खाली आला पाहिजे. सामू (पीएच) साडेसातच्या आसपास आला आहे का बघा, ८ च्या वर असेल तर अमोनिया अजून शिल्लक आहे.

दुसरी खूण तापमानाची. अन्न संपत आलं की सूक्ष्मजीव मंदावतात आणि माल स्वतःहून गरम राहीनासा होतो, हवा आणि माल यांतलं अंतर कमी होत जातं. ही तिन्ही चिन्हं एकत्र आली की ताजी हवा वाढवून शक्य तितक्या लवकर २५ वर आणा. ४० ते ३० च्या दरम्यान रेंगाळू देऊ नका, त्या पट्ट्यात नको त्या बुरश्यांना वाव मिळतो. गाळलेलीच हवा आत घ्या, आणि २५ झालं की त्याच दिवशी स्पॉन.